यादीतली शेवटची जोडी

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होते, पण 'नाही' हेच खरं. माझे वडील हिवरखेडजवळच्या एका गावात मास्तर होते. गावात कोणाच्या अंगात आलं की ते तिथे जाऊन त्या बाईला सतराचा पाढा म्हणायला लावायचे. अशा घरात वाढलेली मी. या पानावर तुम्ही सगळे जे लिहिता ते मी आवडीने वाचते - पिंपळाखालची बाई, वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा - पण भाजी निवडताना मालिका बघावी तशी वाचते. आणि दरवेळी वाटतं, यांना सगळं रात्रीच कसं दिसतं? माझ्या बाबतीत जे झालं ते सकाळी साडेनऊला झालं. ट्यूबलाइटच्या उजेडात, कॅन्टीनचा चहा यायच्या आधी.

माणसांची नावं बदलली आहेत. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

अमरावतीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड विभागात आहे. एक्स-रेच्या मागची खोली, खिडकीतून दिसते ती कॅन्टीनची पाण्याची टाकी. खोलीत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आम्ही दोघी - मी आणि नसीमआपा. आपा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, टायपिंगला वाऱ्यासारख्या, आणि बोलायलाही.

दोन वर्षांपूर्वी सगळे पेशंट कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं. याच ट्रस्टचा अकोल्याला एक जुना दवाखाना होता, तो बंद झाला आणि तिथल्या फायली पोत्यांत भरून आमच्याकडे आल्या. वाळवी झटकायची, स्कॅन करायचं, माहिती भरायची. पण नुसतं भरून भागत नाही. एकच माणूस दहा वर्षांपूर्वी अकोल्याला आलेला असतो आणि आज अमरावतीला येतो, म्हणजे त्याची दोन खाती होतात. ती जोडून एक करावी लागतात. त्यासाठी कॉम्प्युटर रोज सकाळी एक यादी काढतो. हे दोन पेशंट बहुतेक एकच आहेत, तपासा. नाव, जन्मतारीख, गाव, फोन यावरून तो प्रत्येक जोडीला शंभरपैकी गुण देतो. साठच्या खाली गुण असतील तर जोडी यादीत येतच नाही. आमच्यासमोर दोन बटनं - 'एकच' आणि 'वेगळे'. आणि आमच्या साहेबांचा विश्वास कॉम्प्युटरपेक्षा कागदावर जास्त, म्हणून त्याच यादीची प्रिंट काढून प्रत्येक जोडीपुढे पेनाने टिक मारायची आणि खाली सही करायची. हा सहीचा कागद लक्षात ठेवा.

आता पुण्यात बसून हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना काय माहीत, आमच्याकडची माणसं कागदावर कशी असतात. आमच्याकडे माणसाचं घरचं नाव एक, कागदावरचं दुसरं. लग्न झालं की मुलीचं आडनाव तर जातंच, पण कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहून तिचं पहिलं नावही बदलतात, मग आधारवरही तेच येतं. जन्मतारीख म्हणाल तर शाळेत घालताना आईबापांना आठवली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे. माझ्या वडिलांनी अर्ध्या गावाला एक जूनला जन्माला घातलं आहे. अशी पोरगी सासरहून दवाखान्यात आली तर माहेरच्या फायलीतलं तिचं काय जुळणार? काहीच नाही. तिला गुण मिळायचे शून्य आणि ती यादीत यायची नाही.

चुकीची जोडी जोडणं त्याहून वाईट. एकदा एका नावाच्या दोन बायका कोणीतरी जोडून टाकल्या आणि एकीचा रक्तगट दुसरीच्या खात्यात गेला. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हापासून आम्हाला सक्त ताकीद - नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळत नसतील तर 'वेगळे' दाबा, डोकं चालवू नका. मी डोकं चालवत नव्हते.

त्या मंगळवारी यादीच्या शेवटी एक जोडी होती.

एकीकडे कांता सुरेश ढोले, अकोल्याची जुनी फाईल, तेव्हा वय आठ, गाव हिवरखेडच्या पलीकडचं. दुसरीकडे श्रावणी प्रफुल्ल खंडारे, वय पंचवीस, अमरावती, आदल्या दिवशी दुपारीच भरती झालेली. नाव वेगळं, आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी, गाव वेगळं, जुन्या फायलीत फोनच नाही. आणि गुणांचा रकाना रिकामा. शून्यसुद्धा नाही, कोराच.

मी 'वेगळे' दाबलं, कागदावर टिक मारली आणि चहाची वाट बघत बसले.

बुधवारी ती जोडी परत यादीत. एकदा 'वेगळे' दाबलेली जोडी परत येत नाही, तसं सॉफ्टवेअरमध्येच आहे. आपा म्हणाल्या, "अगं, ये तो फिर आ गई. छोड ना, दाब." मी दाबलं. अशी कोऱ्या रकान्याची जोडी त्याआधी एकदा आली होती, पावसाळ्यात, कोणातरी म्हाताऱ्याची. तीन सकाळी आली, चौथ्या सकाळी नव्हती. तेव्हा आम्ही म्हटलं होतं, चला, पुण्याच्या लोकांनी दुरुस्त केलेलं दिसतं. आणि विसरून गेलो होतो.

गुरुवारी तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी मुळातच तापट, नवरा म्हणतो तुझ्या कपाळावर तवा ठेवला तर भाकर भाजून निघेल. पुण्याला सपोर्टला फोन लावला. पलीकडच्या मॅडम फार गोड बोलतात.

"मॅम, मी लॉग बघितला. आज तुमच्या यादीत अकरा जोड्या आहेत."

"बारा आहेत," मी म्हटलं. "माझ्या हातात कागद आहे."

"अकराच दिसतायत, मॅम. आणि तुम्ही जी नावं सांगताय ती जोडी सिस्टिमने कधी बनवलेलीच नाही. शिवाय गुणांचा रकाना रिकामा राहूच शकत नाही. तुम्ही कदाचित जुनी प्रिंट बघत असाल."

"बाई, ही चार दिवसांपूर्वी भरती झालेली पेशंट आहे, जुनी प्रिंट कुठून आणू?" खरं तर तीनच दिवस झाले होते, पण रागात मी एक वाढवून सांगितला. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. मी 'वेगळे' दाबलं.

शुक्रवारी सकाळी ती चौथ्यांदा आली.

मी बटनावर बोट ठेवलं होतं... आणि का कोण जाणे, दाबलं नाही. भीतीबीती काही वाटली नाही, उलट चीड आली. म्हटलं, बघू तरी काय आहे. दोन्ही फायली उघडल्या. आमच्या कामात फायली उघडून वाचायला वेळच नसतो, वरचे चार रकाने बघायचे आणि पुढे जायचं.

आधी जुनी उघडली. कांता ढोले, वय आठ, अपेंडिक्सचं ऑपरेशन. शेवटच्या पानावर लाल शाईत कोणा डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. भूल देताना एक इंजेक्शन दिल्यावर मुलीचा श्वास परत आला नाही, पाच तास मशीनवर ठेवावी लागली, हे इंजेक्शन हिला पुन्हा कधीही देऊ नये. इंजेक्शनचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. दुसरी रेघ ओढताना कागद फाटला होता.

मग नवीन. श्रावणी खंडारे, पित्ताशयात खडे, दुर्बिणीचं ऑपरेशन - शुक्रवार, सकाळी अकरा. पूर्वीचं ऑपरेशन: नाही. औषधांचा त्रास: नाही. तपासणीत एक ओळ होती: पोटावर उजवीकडे जुनी खूण, लहानपणी भाजल्याची, सासूबाईंनी सांगितले.

मी घड्याळ बघितलं. पावणेदहा झाले होते. आपा माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जा."

मी गेले खरी, पण जाऊन सांगणार काय? डॉक्टरांना सांगू, की कॉम्प्युटर चार दिवस ही जोडी दाखवतोय, पुण्याचे म्हणतात दाखवत नाहीये, आणि दोघींचं काहीच जुळत नाही? मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मी 'वेगळे' दाबणारी बाई. आणि समजा ती कांता नसली तर? भलत्याच बाईचं ऑपरेशन थांबवलं म्हणून साहेबांनी मला सोमवारी घरी बसवलं असतं. आधी तिलाच विचारायला हवं होतं.

वॉर्डात ती हिरवा गाऊन घालून पलंगावर बसली होती. बारीक अंगाची, कानात खोटे डूल, ते काढायला नर्सने सांगितलेले पण अजून काढले नव्हते. शेजारी स्टुलावर सासू. नवरा खाली औषधं आणायला गेलेला. मी माझा रेकॉर्ड विभागाचा आवाज काढला.

"श्रावणी खंडारे कोण? आधारची झेरॉक्स बरोबर आली नाही. अंगठा द्या लागते खाली येऊन."

"इथंच घ्या ना मॅडम," सासू म्हणाली, "तिच्या पोटात अन्नाचा कन नाई सकायपासून. काहून चालवता तिले?"

"मशीन खालीच हाय, आजी."

"मंग मीबी येते."

"तुमी इथंच बसा. पिशवीकडे कोन पाहीन? मागच्या हप्त्यात इथूनच मोबाईल गेला."

तेवढं खोटं बोलावं लागलं. सासूने पिशवी मांडीवर घेतली. मी श्रावणीला जिन्याच्या वळणावर घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "तुहं माहेरचं नाव कांता हाय का?"

तिचा चेहरा असा झाला की उत्तराची गरजच राहिली नाही. तिने आधी वर वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं न तुहं? अकोल्याले?"

"कोनं सांगतलं म्हनते मी!" आवाज दबका होता पण त्यात ओरडणं होतं. "कोनाले मालूम नाई ते. माह्या नवऱ्यालेबी नाई. आठ वर्साची होती मी. ऑपरेशन झालं अन् मी उठलीच नाई. लोक म्हने पोरगी गेली. मंग सोयरीक जमली तवा मायनं शपथ घातली, सासरी कोनाले सांगजो नको. पोरीत खोट हाय म्हनतीन, वापस धाडतीन."

"बाई वं, आज तेच इंजेक्शन देतीन तुले."

"मले काय मालूम कोनतं इंजेक्शन? मायले मालूम होतं." ती रडायला लागली होती. "माय त गेली दोन वर्सं झाले. बापालेबी आठवत नाई काई. आता सासूले मालूम झालं त घरात ठेवतीन का मले? सांगा ना."

खरं सांगू? एक बाई भूल उतरेल की नाही यापेक्षा सासू काय म्हणेल याला जास्त घाबरते, आणि मला तिचं ते घाबरणं पूर्ण कळत होतं, याचाच मला संताप आला. मी तिला म्हटलं, फक्त भुलीच्या डॉक्टरला सांगू, त्या मॅडम कोणाला सांगणार नाहीत, तुझ्या सासूला तर नाहीच. मग तिने कानातले डूल काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "चला."

भूलतज्ज्ञ मॅडम थिएटरच्या दारात भेटल्या. मी जुन्या फायलीची प्रिंट पुढे केली. त्यांनी लाल शाईची ओळ वाचली, मग कांताच्या पोटावरची खूण स्वतः बघितली. भाजल्याची नव्हतीच ती. मॅडम आत गेल्या आणि ट्रेमधली एक भरलेली सिरिंज उचलून टाकून दिली.

"हे आधी माहीत असेल तर काहीच अवघड नाही," त्या म्हणाल्या. "माहीत नसेल तर... आपल्याकडे व्हेंटिलेटर एकच आहे, आणि त्यावर आज दुसरा पेशंट आहे." मग म्हणाल्या, "तुम्हाला हे सापडलं कसं?"

"यादीत आलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

ऑपरेशन दुसरी औषधं देऊन झालं. ती उठली. सासूला एवढंच कळलं की आधारची झेरॉक्स करायला फार वेळ लागला. डूल मी दुपारी नेऊन दिले, तेव्हा ती गुंगीतच होती, पण तिने माझा हात धरून ठेवला. शनिवारच्या यादीत ती जोडी नव्हती. ती दोन खाती मी जोडली नाहीत, कारण जोडायला 'एकच' दाबावं लागतं आणि दाबायला जोडीच उरली नव्हती. शेवटी मॅडमनी हातानेच नव्या फायलीत ती ओळ लिहिली.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून लॉग, म्हणजे त्यांच्याकडची रोजची नोंद, आला. मंगळवार चौदा जोड्या, बुधवार एकोणीस, गुरुवार अकरा, शुक्रवार सतरा. माझ्या सहीच्या कागदांवर पंधरा, वीस, बारा, अठरा. ते चार कागद माझ्याकडे आहेत. त्यातल्या तीन कागदांवर तिच्या नावापुढे 'वेगळे'ची टिक आहे, माझ्या पेनाची, माझ्या सहीची. मी ते पुण्याला पाठवले तेव्हा तिथल्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं की प्रिंटरचा प्रॉब्लेम असू शकतो. प्रिंटरला हिवरखेडची पोरगी कशी माहीत, ते मी विचारलं नाही.

आपांचं मात्र उत्तर तयार होतं. "उसकी माँ थी वो. शपथ उसनेच डाली थी ना, तो तोडने भी वोच आई."

खोटं कशाला बोलू, मला हे ऐकून बरं वाटलं. विश्वास नसला तरी बरं वाटलं. आईने घातलेली शपथ आईच सोडवायला आली, चार सकाळी आमच्या यादीच्या शेवटी उभी राहिली... त्या दिवशी घरी जाताना ऑटोत मला रडू आलं. कोणालाही हे सांगावं असं हे उत्तर होतं, आणि मी इथे लिहिणार होते तेही इथपर्यंतच.

पण दुसऱ्या दिवशी यादी काढताना माझ्या डोक्यात आलं - ती तिची आई होती, तर मग पावसाळ्यातल्या त्या म्हाताऱ्यासाठी कोण आलं होतं?

जुने सहीचे कागद कपाटात होते. आपा म्हणाल्या, मत देख. मी बघितलं. सापडायला अर्धा तास लागला. तीन कागद, तीन सलग सकाळी, शेवटची जोडी, गुणांचा रकाना कोरा, पुढे माझी टिक. एकीकडे बापूराव, तेल्हारा तालुका, अकोल्याची जुनी फाईल. दुसरीकडे नामदेव, मुक्काम मुलाकडे, अमरावती. आडनावही दोन ठिकाणी दोन. जन्मसालात चार वर्षांचा फरक. जुन्या फायलीत लिहिलं होतं, अमुक औषधाने तोंड सुजले, श्वास कोंडला, देऊ नये. नव्या फायलीत, औषधांचा त्रास: नाही. औषधांच्या पानावर ते औषध आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू केलेलं. चौथ्या दिवशी पहाटेची नोंद: मृत्यू, हृदयविकार.

त्या चौथ्या सकाळी जोडी यादीत आली नाही तेव्हा आम्ही दोघींनी चहाबरोबर एक एक समोसा मागवला होता. मला आठवतं.

आता मी रोज प्रत्येक जोडीच्या दोन्ही फायली शेवटच्या पानापर्यंत वाचते. साहेब ओरडतात, काम मागे पडून राहिलं म्हणतात. ओरडोत. कोऱ्या रकान्याची जोडी त्यानंतर आलेली नाही. त्या जोड्या कोण टाकत होतं, का टाकत होतं, आणि आलेल्यांमधल्या किती मला दिसल्याच नाहीत, यातलं मला काही माहीत नाही. आईवाल्या उत्तराने माझं समाधान होत नाही आणि प्रिंटरवाल्यानेही नाही. तुमच्यापैकी कोणी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर काम करत असेल आणि असं काही पाहिलं असेल तर खाली लिहा.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मिळू शकतं. बापूराव आणि नामदेव एकच होते, की खरंच वेगळे. वेगळे असतील तर माझी टिक बरोबर होती आणि मी सुटले. नामदेवांच्या फायलीत मुलाचा नंबर आहे. एवढंच विचारायचं आहे, भाऊ, तुमच्या वडिलांना गावात बापूराव म्हणत होते का?

दोनदा नंबर लावला. पहिल्यांदा वाजायच्या आधीच कापला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "हॅलो... कोन बोलून राह्यलं?" ते म्हणाले. ते थांबले, परत म्हणाले, "बोला ना, कोन पाह्यजे?"

मी फोन ठेवून दिला.